जुनं ईझी लिसनिंग: डोक्यात अडकलेली ती नेमकी धून शोधायची, मिळवायची आणि जपायची कशी

एक धून असते डोक्यात. शब्द नाहीत, नाव माहीत नाही, फक्त व्हायोलिनांची एक लाट आणि मागे कुठेतरी ब्रशने वाजवलेला ड्रम. कधी रेडिओवर, कधी विमानतळावर, कधी कुणाच्या तरी घरी ऐकलेली. मग एक दिवस नाव सापडतं, आपण मोठ्या उत्साहाने मोबाईलवर लावतो आणि दहा सेकंदात वाटतं, अरे हे ते नाहीये. धून तीच आहे, ऑर्केस्ट्राचं नावही तेच दिसतंय, पण काहीतरी बिनसलंय. आता वय झालं, कान बदलले, असं म्हणून आपण सोडून देतो. पण बऱ्याचदा कान बरोबर असतात, रेकॉर्डिंगच दुसरं असतं.

ईझी लिसनिंगमध्ये, म्हणजे पन्नास-साठच्या दशकांतल्या ऑर्केस्ट्रांच्या हलक्याफुलक्या, बहुतेक बिनशब्दांच्या संगीतात, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. धून बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाची असते, सिनेमातली, नाटकातली किंवा त्या काळच्या हिट गाण्याची, आणि तीच धून पंधरा ऑर्केस्ट्रांनी वाजवलेली असते. आपण प्रेमात पडतो ते त्या धुनेच्या, एका विशिष्ट अरेंजरने (म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिणाऱ्याने) एका विशिष्ट वर्षी बांधलेल्या रूपाच्या. म्हणून शोधायचं ते रेकॉर्डिंग, गाण्याचं नाव नव्हे. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

पायरी १: धून ओळखा, पण तिथे थांबू नका

मूळ आवाज हाताशी असेल, म्हणजे जुनी कॅसेट, सिनेमातला तुकडा वगैरे, तर शझाम हे गाणं ओळखणारं ॲप लावा. शझाम रेकॉर्डिंगचा ठसा जुळवतं, त्यामुळे ते सापडलं तर नेमकं तेच रेकॉर्डिंग सापडायची शक्यता चांगली असते. नुसती डोक्यात असेल तर गुगलच्या ॲपमध्ये गुणगुणून शोधायची सोय आहे, दहा-पंधरा सेकंद 'ला ला ला' करा, लाजू नका, दार लावून घ्या हवं तर. फक्त लक्षात ठेवा की गुणगुणून मिळते ती धून. कुठल्या ऑर्केस्ट्राची, कुठल्या वर्षाची, हे त्याला कळत नाही.

यानंतर एक कागद घ्या आणि आठवतंय ते लिहा. मुख्य सूर कोण वाजवत होतं, व्हायोलिन, ट्रम्पेट, पियानो की शिट्टी? माणसांचे आवाज होते का, आणि होते तर शब्द म्हणत होते की नुसतं 'बा-डा-बा'? ठेका मऊ होता की नाचायला लावणारा? आवाज डावी-उजवीकडे फिरत होता का? हा कागद पुढच्या पायरीत कामाला येतो.

पायरी २: कुणाचा हात आहे ते कानाने ओळखा

ही पायरी जरा लांबणार आहे, कारण खरी मजा इथेच आहे.

व्हायोलिनं एकावर एक पडतायत, झरझर खाली उतरतायत, मोठ्या चर्चमध्ये वाजवल्यासारखा सूर मागे रेंगाळतोय, असं आठवत असेल तर पहिला संशय ऑर्केस्ट्रावाला मांतोवानी. व्हेनिसमध्ये १९०५ साली जन्मलेला, कारकीर्द सगळी इंग्लंडमध्ये. १९५१ च्या 'शारमेन'ने त्याचं नाव जगभर झालं, आणि मूळ धून तर १९२६ ची होती. पण तो आवाज ज्याच्या डोक्यातून आला तो रोनाल्ड बिंज, त्याचा अरेंजर. बिंजने केलं काय, तर व्हायोलिनवाल्यांचे गट पाडले. धुनेचा पहिला सूर पहिल्या गटाने वाजवायचा आणि धरून ठेवायचा, दुसरा सूर दुसऱ्या गटाने वाजवून धरायचा, तिसरा तिसऱ्याने, आणि मग पुन्हा फिरून पहिल्याकडे. एकटा कुठलाच गट पूर्ण धून वाजवत नाही, धून तयार होते ती ऐकणाऱ्याच्या कानात, आणि धरून ठेवलेले सूर एकमेकांत मिसळून घुमतात. म्हणजे घुमणं कुठल्या मशीनमधून आलेलं नाही, चक्क कागदावर लिहिलेलं आहे. हेडफोन लावून एकदा फक्त हे ऐका, एक सूर सुटायच्या आत दुसरा कसा येतो ते. या संगीताला 'लिफ्टमधलं म्युझिक' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना मी हेच ऐकवतो. याच बिंजची 'सेलिंग बाय' ही धून बीबीसी रेडिओ ४ वर रात्री उशिरा जहाजांसाठीच्या हवामान वृत्ताआधी लागते, ती ऐकली असेल तर माणूस तुमच्या ओळखीचाच आहे.

माणसांचे आवाज आहेत पण शब्द नाहीत, आणि आवाज वाद्यांना चिकटल्यासारखे येतात, तर रे कॉनिफ. त्याची युक्ती सोपी होती. बायकांचे आवाज ट्रम्पेट आणि वरच्या सुरातल्या वाद्यांबरोबर, पुरुषांचे ट्रॉम्बोन आणि खालच्या सुरातल्या सॅक्सोफोनबरोबर, दोघांनी एकच ओळ म्हणायची. कोरस कुठे संपला आणि ब्रास (ट्रम्पेट-ट्रॉम्बोन) कुठे सुरू झाला ते कळतच नाही. १९५६ पासूनच्या त्याच्या रेकॉर्ड्समध्ये हे मिळेल. पन्नासचं दशक संपता संपता मात्र त्याचा कोरस शब्द म्हणायला लागला, त्यामुळे 'बा-डा-बा' आठवत असेल तर आधीच्या रेकॉर्ड्स बघा.

खाली बास टकटक, कोरडा, मस्त उड्या मारत चाललाय आणि वर ट्रम्पेट निवांत, तर हॅम्बुर्गचा बर्ट केम्फर्ट. तो बास लाडी गाइस्लर नावाच्या वादकाचा, पिकने वाजवलेला. केम्फर्टची 'वंडरलँड बाय नाइट' १९६१ च्या सुरुवातीला अमेरिकेत पहिल्या नंबरवर होती, आणि त्याच वर्षी याच माणसाने हॅम्बुर्गमध्ये टोनी शेरिडन या गायकाबरोबर अगदी कोवळ्या बीटल्सचं रेकॉर्डिंग केलं, हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही.

हार्पसिकॉर्डची किणकिण, मागे भरभरून व्हायोलिनं आणि साठच्या दशकातला पॉप ड्रम, तर पॉल मोरिया. त्याचं 'लव्ह इज ब्लू' १९६८ मध्ये अमेरिकेत पाच आठवडे पहिलं होतं. धून आंद्रे पॉपची, १९६७ च्या युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्याच्या स्पर्धेत विकी लिआंड्रोसने गायलेली, तिथे चौथी आली होती. हरलेल्या गाण्याची बिनशब्दांची आवृत्ती जग जिंकते, हे या संगीतातच होऊ जाणे. याच फ्रेंच घराण्यातले फ्रांक पुर्सेल, रेमों लफेव्र, काराव्हेली हेही तपासा, एकमेकांत सहज गल्लत होते.

व्हायोलिनं एकत्र, गुळगुळीत, मागे तीन-तीनच्या ठेक्यात पियानो असेल तर पर्सी फेथ. 'अ समर प्लेस' या सिनेमाची थीम १९६० मध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरवर होती, धून मॅक्स स्टायनरची. आवाज टेबल टेनिसच्या चेंडूसारखा डाव्या स्पीकरमधून उजव्यात उडतोय, बोंगो इकडे, झायलोफोन तिकडे, तर ईनॉक लाइटचं कमांड लेबल (१९५९ पासून) किंवा डेक्काची फेज ४ मालिका (१९६१ पासून). स्टिरिओ तेव्हा नवा होता आणि लोकांना दाखवायचा होता, एवढंच. मला स्वतःला ते पाच मिनिटांच्या वर झेपत नाही, पण पाहुण्यांना ऐकवायला भारी.

आणि कव्हरवर १०१ स्ट्रिंग्स किंवा लिव्हिंग स्ट्रिंग्स असेल तर ते एका ठरलेल्या ऑर्केस्ट्राचं नाव नाही, स्वस्तातल्या रेकॉर्ड्सचा ब्रँड आहे. एका रेकॉर्डवरून दुसरीचा अंदाज बांधू नका, प्रत्येक वेगळी ऐका.

पायरी ३: नेमकं कुठलं रेकॉर्डिंग ते पक्कं करा

माणूस कळला, आता वर्ष. हे लोक स्वतःच्या हिट धुना पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करायचे, कधी स्टिरिओ आला म्हणून, कधी कंपनी बदलली म्हणून, कधी फॅशन बदलली म्हणून. पर्सी फेथने तर 'समर प्लेस' सत्तरच्या दशकात डिस्कोच्या ठेक्यावर पुन्हा केली. ती आवृत्ती चुकून आधी लागली तर धक्काच बसतो.

एक सोपी चाळणी सांगतो. दुकानात स्टिरिओ एलपी यायला लागल्या १९५७-५८ च्या सुमारास. म्हणजे १९५१ ची म्हणून सांगितलेली धून स्टिरिओत ऐकू येतेय तर दोनच शक्यता, एकतर ती नंतर पुन्हा वाजवलेली आहे नाहीतर मोनोची (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारी) ओढूनताणून स्टिरिओ केलेली आहे. हा दुसरा प्रकार वाईट. साठच्या दशकात कंपन्यांनी जुन्या मोनो टेप घेऊन एका बाजूला तीव्र आवाज, दुसऱ्या बाजूला खर्ज, मध्ये थोडा उशीर असं करून 'स्टिरिओ' म्हणून विकल्या, कॅपिटल कंपनी याला ड्युओफोनिक म्हणायची. ऐकताना व्हायोलिनं बोगद्यातून आल्यासारखी वाटतात. कव्हरवर 'इलेक्ट्रॉनिकली' असं काही स्टिरिओच्या आजूबाजूला लिहिलेलं दिसलं की ठेवून द्या, त्याच रेकॉर्डची मोनो प्रत शोधा.

पुढचं काम डिस्कॉग्ज या साईटवर. तिथे एकाच अल्बमच्या वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या वर्षांच्या प्रती वेगळ्या नोंदवलेल्या असतात. कॅटलॉग नंबर जुळवा, आणि रेकॉर्ड हातात असेल तर मधल्या लेबलच्या बाहेर जी गुळगुळीत पट्टी असते तिच्यावर कोरलेला किंवा ठोकलेला नंबर बघा. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली की दिसतो. कव्हर बदलतात, लेबल बदलतात, पण प्रत कुठल्या मास्टरवरून (मूळ साच्यावरून) निघाली ते या नंबरवरून कळतं.

स्ट्रीमिंगवर शोधताना 'बेस्ट ऑफ', 'गोल्डन हिट्स' यांच्यावर भरवसा ठेवू नका, त्यांत वर्षच दिलेलं नसतं आणि दिलं तर बऱ्याचदा पुन्हा प्रसिद्ध केल्याचं असतं. शक्यतो मूळ अल्बमच्या नावाने शोधा. सीडीवर चालणार असेल तर डटन व्होकॅलियनने अशा बऱ्याच एलपी दोन-दोन एकत्र करून काढल्यात, आणि गिल्ड कंपनीची लाइट म्युझिकच्या सुवर्णकाळावरची शंभराहून जास्त सीडींची मालिका आहे. रॉबर्ट फार्नन, एरिक कोट्स, लेरॉय अँडरसन अशी, नाचापेक्षा मैफिलीकडे झुकणारी मंडळी आवडत असतील तर तिथून सुरुवात करा. पण सगळं काही सीडीवर आलेलं नाही, स्ट्रीमिंगवर तर नाहीच नाही, म्हणून पुढच्या पायऱ्या.

पायरी ४: रेकॉर्ड घेताना आणि धुताना

चांगली बातमी अशी की रॉक आणि जॅझच्या मागे जग लागलंय, या रेकॉर्ड्सच्या मागे फारसं कुणी नाही. मोठ्या संख्येने छापलेल्या, त्यामुळे जुन्या रेकॉर्डवाल्यांकडे ढिगाने पडलेल्या असतात. मग घाई कशाला, चांगली प्रत मिळेपर्यंत थांबा. दिव्याखाली तिरकी धरून बघा. केसासारखे वरवरचे ओरखडे चालतात, बोटाला लागणारा ओरखडा नको. राखाडी पडलेल्या खाचा नकोत, ते जड सुईने झिजलेलं आहे आणि धुवून जात नाही. वाजवून बघायला मिळालं तर रेकॉर्डच्या त्या बाजूचा शेवटचा ट्रॅक ऐका, पहिला नाही. आतल्या खाचांत त्याच वेळात कमी अंतर कापलं जातं, त्यामुळे झीज आणि फाटका आवाज तिथे आधी दिसतो, आणि नेमका या रेकॉर्ड्समध्ये शेवटचा ट्रॅक धूमधडाक्यात संपवायची पद्धत.

धुताना डिस्टिल्ड वॉटर, सौम्य भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ ब्रश, आणि ब्रश खाचांच्या दिशेने गोल, आडवा कधीच नाही. मधलं कागदी लेबल कोरडं ठेवा. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुऊन उभी वाळवा. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या असतील तर स्पिरिट, आयसोप्रोपिल वगैरे अल्कोहोल जवळही आणू नका, त्या ज्या शेलॅकच्या बनतात ते त्यात विरघळतं, तबकडी गेली म्हणून समजा. वाळली की नव्या आतल्या पाकिटात घाला, जुनं पाकीट घाण असतं. ठेवायच्या उभ्या, उन्हापासून लांब.

पायरी ५: वाजवण्याची जुळवाजुळव

इथे फार खोलात जात नाही, टर्नटेबलवर ढिगाने लिहिलं गेलंय. सुईचं वजन कार्ट्रिजच्या (सुई बसते त्या भागाच्या) कागदात लिहिलेलं असेल तेवढंच, साधारण दीड ते दोन ग्रॅम, आणि छोटा वजनकाटा घ्याच, अंदाजाने नको. फोनो प्रीॲम्प लागतो कारण रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि तीव्र सूर जास्त करून कापलेले असतात, ते परत सरळ करावे लागतात, नाहीतर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. ७८ ला वेगळी, जाड सुई, सुमारे ७५ मायक्रॉनची. एलपीची सुई त्याच्या पाव जाडीची असते, ती ७८ च्या खाचेत तळाला जाऊन नुसती खरखर उचलते. घूंऽऽ आवाज येत असेल तर आधी अर्थिंगची वायर बघा.

पायरी ६: डिजिटल करणं

प्रीॲम्पमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेस, तिथून कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी, फुकट आहे आणि पुरेसं आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. कच्च्या फाईलला मिनिटाला साधारण १७ एमबी लागतात, म्हणजे चाळीस मिनिटांची एलपी ७०० एमबीच्या आत. नंतर फ्लॅकमध्ये ठेवली की साधारण निम्मी होते आणि काही हरवत नाही.

लेव्हल लावताना रेकॉर्डच्या त्या बाजूचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा भाग आधी वाजवून बघा आणि काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही असं ठेवा. सुरुवातीला हार्पच हळूच वाजत असतो म्हणून आपण लेव्हल वाढवतो, आणि मग सगळा ब्रास एकदम आला की आवाज फाटतो. पूर्ण बाजू एका दमात रेकॉर्ड करा, मध्ये थांबवू नका. रेकॉर्ड मोनो असेल तर नंतर दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो करा. मोनोत संगीत खाचेच्या आडव्या हालचालीत असतं, खाचेतला उभा गोंगाट त्यामुळे बराचसा आपोआप निघून जातो.

आता साफसफाई, आणि इथेच लोक रेकॉर्डची वाट लावतात. नॉइज रिडक्शनचं बटण दिसलं की हात शिवशिवतात. पण उंच पट्टीतली व्हायोलिनं, ड्रमवरचा ब्रश, झांजेची सळसळ आणि रेकॉर्डची सर्र हे सगळं आवाजाच्या एकाच पट्ट्यात राहतं, सर्र काढायला गेलात की व्हायोलिनांवरची चमक पण जाते आणि सूर संपताना पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. मांतोवानीवर हे केलं तर मग उरलं काय? सर्र राहू द्या, दोन मिनिटांत कानाला तिची सवय होते.

टिक-टिक मात्र काढा, पण हाताने. टिक ऐकू आली तिथे झूम करत जा, इतकं की लाट तुटून एकेक ठिपका दिसायला लागेल. संगीताची लाट कितीही मोठी असली तरी वळणावळणाने जाते, टिक मात्र सरळ काट्यासारखी उभी असते, दोन-चार ठिपके वर आणि लगेच खाली. तेवढाच तुकडा निवडा आणि ऑडॅसिटीतला रिपेअर इफेक्ट मारा. ते १२८ सॅम्पलपर्यंतच (म्हणजे तेवढ्या ठिपक्यांपर्यंतच) चालतं, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला तीन मिलिसेकंदांपेक्षाही कमी, त्यामुळे नुकसान करायला वावच नाही. आपोआप क्लिक काढणारा इफेक्ट वापरायचाच तर हलका, कारण त्याला बोंगोची थाप आणि धूळ यातला फरक नेहमीच कळतो असं नाही. लेरॉय अँडरसनची 'द टाईपरायटर' (१९५०) त्याच्या तोंडी देऊ नका, टाईपरायटरच्या कळांनाच तो कचरा समजू शकतो.

पायरी ७: नावं टाकणं

कंटाळवाणं काम आहे, पण हे नाही केलं तर दोनशे फाईलींमधल्या तीस 'मून रिव्हर' नावाच्या होतात आणि कुठली कुणाची ते कळत नाही. कलाकार म्हणून ऑर्केस्ट्राचं नाव, संगीतकाराच्या रकान्यात मूळ धून करणारा, आणि कॉमेंटमध्ये अरेंजर, कॅटलॉग नंबर, मोनो की स्टिरिओ. वर्ष मूळ रेकॉर्डचं टाका, तुमच्या प्रतीचं नाही. अरेंजरचं नाव कव्हरच्या मागे बारीक अक्षरात असतं आणि नसलं तर डिस्कॉग्जवर बघा. पुढे अरेंजरच्या नावाने सगळं गाळून ऐकता येतं. ऑर्केस्ट्रे वेगळे आणि हात एकच असं एकदा सापडलं की मग थांबवत नाही. कव्हरचे पुढचे-मागचे फोटोही फोल्डरमध्ये टाका. दोन ठिकाणी बॅकअप, त्यातला एक घराबाहेर. आणि हे सगळं स्वतःपुरतं, अशा बऱ्याच रेकॉर्डिंगचे हक्क अजून कुणा ना कुणाकडे असतात, इंटरनेटवर टाकण्याआधी ते बघावं लागतं.

पायरी ८: ऐकायचं कसं

हे संगीत हळू आवाजात ऐकायला बनवलेलं, आणि आवाज कमी केला की आपल्या कानाला खर्ज आणि अगदी तीव्र सूर जास्त कमी ऐकू येतात, मधले तेवढे उरतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. जुन्या ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ते याचसाठी, ते असेल तर हळू ऐकताना दाबा. नसेल तर इक्वलायझरमध्ये खर्ज थोडा चढवा आणि वरचा तीव्र भाग अगदी चिमूटभर. केम्फर्टचा बास परत जागेवर येतो.

शफल बंद करा. एलपीच्या एका बाजूला पाच-सहा धुना, प्रत्येकी तीनेक मिनिटांच्या, आणि त्यांचा क्रम कुणीतरी डोकं लावून ठरवलेला असायचा, जलद, संथ, मधली, मग मोठा शेवट. ट्रॅक तोडताना त्यांच्यामधली मूळ शांतता पण ठेवा, ती काढली की दोन धुना अंगावर आल्यासारख्या होतात. आणि ऑर्केस्ट्रावाल्या जेम्स लास्टची १९६५ पासूनची 'नॉन स्टॉप डान्सिंग' मालिका डिजिटल करत असाल तर तोडूच नका. एक धून दुसरीत मिसळते, मध्ये लोकांचा कल्ला चालू असतो, कुठेही कापलं तरी टक् असं ऐकू येतं. अख्खी बाजू एकच फाईल ठेवा आणि धुनांची यादी कॉमेंटमध्ये लिहा.